भंगारातून सोसायटीसाठी दोनचाकी ट्रेलर: जुनं काय घ्यावं, नवं काय घ्यावं?

पारसिककडचा

मंडळी, मदत हवी आहे.

आमची सोसायटी घणसोलीत, पारसिकच्या डोंगराच्या बाजूला. २०१६ चे घनकचरा नियम आल्यापासून ओला कचरा आवारातच जिरवतो. खतखड्डे खाली, मागच्या भिंतीला लागून. बाग मात्र पोडियमवर. मधे रॅम्प. उन्हाळा लागला की पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहोर मिळून पानांचा खच पाडतात, तो गोळा करून खाली आणायचा. तयार खत वर न्यायचं. पावसाळ्याआधी माती, विटा, कुंड्या. हे सगळं आमचे माळीदादा आणि सफाईच्या मावश्या घमेल्यांतून आणि एका डुगडुगत्या एकचाकी ढकलगाडीतून करतात. माळीदादांनी पन्नाशी ओलांडली आहे. त्यांनी ओल्या रॅम्पवरून ती ढकलगाडी सावरत उतरताना मला बघवत नाही.

म्हणून हाताने ओढायचा दोनचाकी ट्रेलर बनवायचा आहे. फक्त आवारात फिरणार. जुना सायकल स्टँड काढला त्याचे ४० बाय ४० चे चौकोनी पाइप पडून आहेत, शेडचे अँगल आहेत. वेल्डिंग मला येतं, आयटीआय केलं आहे, मशीन घरचं आहे. बाकीचं शिळफाट्याच्या किंवा कळंबोलीच्या भंगारातून आणायचा विचार आहे.

विचारायचं एवढंच: चाकं आणि अ‍ॅक्सल कशाचे घेऊ? हौदा केवढा ठेवू? आणि मुख्य म्हणजे, रॅम्पवर तो आवरायचा कसा?

लेथ_रबाळे

रिक्षाची पुढची चाकं घ्या, दोन. रिक्षाच्या पुढच्या चाकाचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला फिरता भाग) एकाच बाजूने धरलेला असतो, त्यामुळे तो आखूड पिनीसकट उचलून फ्रेमच्या दोन बाजूंना बसवता येतो. मधून आरपार दांडा लागत नाही आणि हौदा खाली बसतो, म्हणजे मावश्यांना भरायला कमी उंची. टायर ४.००-८, कुठल्याही नाक्यावर ट्यूब मिळते, पंक्चरवाला हसत काढून देतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रिक्षाची रिम दोन अर्ध्यांची असते, नट लावून जोडलेली. हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट सोडायचे नाहीत. हवा भरलेल्या टायरचे नट सैल केले की अर्धी रिम तोंडावर येते. वर्कशॉपमध्ये शिकाऊ पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगतो, पाना नंतर देतो.

नेरुळची_बाग

आमच्याकडे दोन पेडेस्टल बेअरिंग आणि एक आरपार शाफ्ट लावून गाडी केली होती. सरळ छान जायची, वळताना मात्र एक चाक घासत फरफटायचं आणि पेव्हर ब्लॉकवर काळे पट्टे उमटायचे. दादा, असं का होतं ते कुणी सांगेल का? आम्ही ती शेवटी फक्त सरळ वाटेवरच वापरली.

लेथ_रबाळे

ताई, दोन्ही चाकं शाफ्टला पक्की असणार. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी; दोघं एकाच शाफ्टला जखडलेली असतील तर एकाला घसरावंच लागतं. एक चाक शाफ्टवर मोकळं फिरू द्या, त्यात बुश किंवा बेअरिंग घाला, काम झालं. शाफ्ट किती मिमीचा आहे? २० असेल तर २५ चा करा आणि बेअरिंग यूसीपी २०५ घ्या. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे पाच मिमी जाडी वाढवली की ताकद जवळजवळ दुप्पट होते.

जुना_फिटर

रबाळेवाल्यांचा रिक्षाचा सल्ला चांगला आहे, पण पारसिककडचा यांचा तिसरा प्रश्न पुन्हा वाचा. त्यांना रॅम्प आहे. सगळा ट्रेलर त्या रॅम्पभोवती विचार करून बांधला पाहिजे.

हिशोब मांडतो. रिकामा ट्रेलर ८५ किलो धरा, माल २५० किलो. एकूण ३३५. रॅम्पचा चढ दहाला एक असेल तर नुसत्या उतारामुळे ३३ किलोची ओढ मागे लागते. चाकांचा रोध आणखी सहा-सात किलो. म्हणजे चढताना सुमारे ४० किलोची ओढ सतत द्यायची. दोन माणसांना जमते. उतरताना रोध तुमच्या बाजूने, तरी २६-२७ किलो तुम्हाला खाली ढकलत राहतात. कोरड्या फरशीवर तेही जमतं. जुलैत, शेवाळलेल्या काँक्रीटवर, पायात रबरी चप्पल, आणि एकाचा पाय सरकला तर दुसरा एकटा काय धरणार? उतार आठला एक असेल तर आकडा आणखी चढतो. आधी रॅम्प मोजा.

म्हणून ब्रेक हवाच, आणि तो ओढणाऱ्याच्या हाताशी हवा.

माझं मत: मारुती ८०० चा मागचा अ‍ॅक्सल घ्या. ती गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मागे डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) नाही, नुसता आडवा बीम आहे आणि दोन टोकांना हब. हबात ड्रम ब्रेक, आणि त्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल येते. हायड्रॉलिक न वापरता नुसत्या केबलवर दोन्ही चाकं धरता येतात. गाडीचा हँडब्रेक लिव्हरसुद्धा त्याच भंगारवाल्याकडे मिळेल. ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, पण सुटे भाग अजून मुबलक मिळतात. ओम्नीचा मागचा अ‍ॅक्सल मात्र घेऊ नका. ती मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे डिफरन्शियलचा गोळा फुकट वाहावा लागेल.

पारसिककडचा

काका, हे फार मोलाचं आहे. रॅम्प लेव्हल ट्यूब लावून मोजला. दहाला एकपेक्षा किंचित सौम्य निघाला, पण वरच्या वळणावर जास्त आहे. तेव्हा दहाला एकच धरतो.

मुरबाडचा_मळा

मधेच विचारतो, माफ करा. माझं राहणं ऐरोलीत, वडिलोपार्जित जमीन मुरबाडजवळ. असाच ट्रेलर बनवून माझ्या गाडीच्या मागे हुक लावून नेला तर? परदेशात लोक सर्रास नेतात.

कायदेपान

मुरबाडकर, असा घरी बांधलेला ट्रेलर रस्त्यावर काढू नका. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे तुमच्या गाडीच्या मागचा ट्रेलर हे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र वाहन. कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय ते सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि कलम ६१ नोंदणीची तीच सगळी तरतूद ट्रेलरला लावतं. ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवरही दाखवावा लागतो. शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीला वेगळा नंबर असतो तो या स्वतंत्र नोंदणीमुळेच. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त बनावटीची कागदपत्रं लागतात, ती घरच्या वेल्डिंगला मिळत नाहीत. आणि नोंदणी नाही म्हणजे विमाही नाही. घाटात तो सुटला आणि कुणाला लागला तर सगळा भार तुमच्या डोक्यावर. मुरबाडला माल न्यायचा असेल तर टेम्पो भाड्याने घ्या.

धागाकर्त्यांचं प्रकरण वेगळं आहे. हाताने ओढायची गाडी, बंद आवारात, मोटारीला जोडायची नाही. तिथे हा प्रश्न येत नाही. पण एक विनंती: तिला गाडीचा हुक बसेल असं तोंडच ठेवू नका. हुक असला की एक दिवस कुणीतरी स्कूटरला किंवा जीपला लावणारच.

आणि अ‍ॅक्सल घेताना पावती घ्या. २०२१ पासून वाहन मोडीत काढण्याची नोंदणीकृत केंद्रं आहेत, तिथल्या मालाला कागद असतो. खुल्या भंगारातून घेतलात तरी विकणाऱ्याचं नाव, तारीख आणि भागाचं वर्णन लिहिलेली पावती हवी. चोरीचा माल असल्याचं माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावती द्यायला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. सोसायटीच्या हिशोबालाही ती लागेलच.

मुरबाडचा_मळा

समजलं. टेम्पोच बरा. मळ्यातल्या मळ्यात हाताने ओढायचा बनवतो, त्यामुळे धागा वाचतो आहेच.

उरणकर

हौद्याच्या फळ्यांसाठी पॅलेट वापरणार असाल तर ऐका. न्हावा-शेवा बंदरामुळे आमच्याकडे, जासई-द्रोणागिरीपासून पार कळंबोलीपर्यंत, परदेशी पॅलेटचे ढीग असतात. लाकूड सुंदर असतं. पण प्रत्येक पॅलेटवर कणसाच्या चिन्हाचा शिक्का असतो, त्यात अक्षरं बघायची. एचटी असेल तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, बिनधास्त घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते खताच्या गाडीला नको. शिक्काच नसेल तर सोडून द्या. त्यावर काय सांडलं होतं तेही बघा, रसायनाचे डाग लाकूड पिऊन टाकतं.

कंटेनरच्या तळाचं प्लायवूडसुद्धा विकायला येतं, २८ मिमीचं, दगडासारखं. मोह होतो. ते किडीसाठी औषध मारलेलं असतं. भाजीच्या वाफ्यात जाणारं खत त्यावर ठेवू नका.

कोपरीकर

हौदा म्हणून २०० लिटरचा ड्रम उभा चिरून वापरला तर? तुर्भ्याला मिळतात. गंज नाही, धुवायला सोपा.

जुना_फिटर

निळा प्लास्टिकचा, अन्नपदार्थाचा, धुतलेला असेल तर करवतीने कापा. लोखंडी ड्रमला हात लावू नका. टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात आणि तळोज्यात रसायनांचे कारखाने आहेत, तिथून आलेल्या ड्रमात काय होतं ते झाकणावर लिहिलेलं असेलच असं नाही. रिकामा दिसणाऱ्या ड्रममध्ये वाफ राहते. त्यावर ग्राइंडर किंवा गॅस लावला की तो फुटतो. धुतला, उन्हात वाळवला, तरीही शिवणीत अडकलेला अंश तापल्यावर वाफ होऊन बाहेर येतो. कारखान्यात माझ्या हाताखालच्या माणसांना मी बंद भांडं कापायची परवानगी कधी दिली नाही आणि इथेही देणार नाही. कोपरीकर, राग मानू नका, हा विषय मी सोडत नाही.

कोपरीकर

काका, राग कसला. बरं झालं विचारलं.

पारसिककडचा

अ‍ॅक्सल मिळाला! शिळफाट्याजवळच्या एका भंगारवाल्याकडे. पावतीसह, दोन्ही ड्रम, केबल, लिव्हर आणि १४५/७० आर १२ चे टायर. बीम सरळ आहे, दोरी धरून बघितला. चाकं हाताने फिरवली तर एकात खरखर आहे, म्हणजे बेअरिंग गेलं आहे. टायरांच्या बाजूवर चार आकडी शिक्का ३२१५, म्हणजे २०१५ सालच्या ३२ व्या आठवड्यातले. बाजूला बारीक भेगा आहेत पण आतली दोरी दिसत नाही.

आता प्रश्न असा की अ‍ॅक्सल फ्रेमला बसवायचा कसा? सरळ वेल्ड मारू का? आणि स्प्रिंग लावायच्या का?

लेथ_रबाळे

अभिनंदन! रिक्षा हरली, पण ब्रेकचा मुद्दा मला पटला आहे, काका बरोबर आहेत.

स्प्रिंग नको. चालण्याच्या वेगाला टायरची हवाच पुरते. हवा थोडी कमी ठेवा. टायर या वेगाला चालतील, पण दोरी दिसायला लागली त्या दिवशी बदला.

बेअरिंग दोन्ही बाजूंची नवी टाका, एकच नको. इथेच धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर सुरू होतं. बीम जुना चालेल, रिम जुनी चालेल, पाइप आणि फळ्या जुन्या चालतील, कारण त्यांचा दोष डोळ्यांना दिसतो: वाकलं, चिरलं, गंजलं. बेअरिंग, नट-बोल्ट, केबल, पिन यांचा दोष आत असतो. भंगारातला बोल्ट आधी किती ताणला गेला होता हे कुणालाच माहीत नाही. डोक्यावर ८.८ लिहिलेले नवे बोल्ट घ्या. सगळे मिळून खर्च अ‍ॅक्सलपेक्षा कमीच होईल.

जुना_फिटर

वेल्ड बीमवर मारू नका, निदान टोकांकडे तर नाहीच. ताप लागून बीम ओढला जातो, चाकं फाकतात किंवा आत येतात, आणि बेअरिंगचं ग्रीस जळतं ते वेगळंच. चॅनेलच्या तुकड्यांची खोगीरं करून फ्रेमला वेल्ड करा, आणि बीम त्यात यू-बोल्टने आवळा.

पण नुसता यू-बोल्ट पुरत नाही, कारण तुम्ही ब्रेक लावणार आहात. चाक धरलं की चाकाची फिरण्याची ताकद बीममध्ये उतरते आणि बीम स्वतःभोवती फिरू बघतो. मूळ गाडीत हे फिरणं रोखायला बीमवर दांड्यांचे कान आहेत. तेच कान वापरा: त्यांच्या भोकातून बोल्ट घालून फ्रेमला पट्टी द्या. मग यू-बोल्टनी फक्त वजन धरायचं आणि कानांनी पीळ.

ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसा, मास्क घाला, फडकं पिशवीत बांधून टाका. आणि व्हील सिलिंडर निरुपयोगी दिसतो म्हणून काढून फेकू नका. ब्रेक शूजची, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानींची, वरची टोकं त्यावरच टेकलेली असतात. तो काढला तर शूजना आधारच उरत नाही. फ्लुइड काढा, पाइप कापून तोंड बंद करा, सिलिंडर जागेवर ठेवा.

नेरुळची_बाग

मी या गाड्या रोज वापरणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. हौदा किती मोठा, याचं उत्तर कुणी दिलं नाही अजून. आमच्या अनुभवात गाडी नेहमी काठोकाठ भरली जाते, आत काय आहे ते न बघता. पानं काठोकाठ भरली तर काहीच वजन नाही. ओली माती काठोकाठ भरली तर गाडी हलत नाही, आणि मग सगळी ताकद बायकांच्या पाठीवर येते.

पारसिककडचा

ताई, अगदी योग्य मुद्दा. हिशोब केला. पाच फूट लांब, साडेतीन फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे साडेसतरा घनफूट, जवळजवळ अर्धा घनमीटर. ओली माती लिटरला दीड किलो धरली तर ७४० किलो! ओलं कंपोस्ट घनमीटरला साधारण ६०० ते ८०० किलो धरलं तरी ३०० ते ४०० किलो. काकांनी २५० किलोची मर्यादा धरली होती.

त्यामुळे असं ठरवतोय: पक्क्या कडा फक्त चार इंच. चार इंच काठोकाठ ओली माती म्हणजे सुमारे २४५ किलो, त्यावर भरताच येणार नाही. पानांसाठी वरून जाळीच्या सुट्या बाजू, चार कोपऱ्यांत पाइपच्या खोबणीत बसतील. माती न्यायची तर जाळी काढून ठेवायची. म्हणजे वजनाचा नियम कुणाला शिकवावा लागणार नाही, हौदाच तो पाळेल.

नेरुळची_बाग

हे मला फार आवडलं. आम्हीही आमच्या गाडीच्या कडा कापून घेतो. जाळीच्या कडा वळवून घ्या किंवा त्यावर पाइप चिरून बसवा, हात कापतात. आणि मागचं फळकूट बिजागरीवर उघडू द्या, माती फावड्याने उचलण्यापेक्षा ओढून पाडता येते.

लेथ_रबाळे

अ‍ॅक्सल हौद्याच्या मध्यापासून किती मागे ठेवताय? इथे लोक यूट्यूबवर बघून गडबड करतात. मोटारीमागच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर लागतो, नाहीतर वेगात शेपटी हलायला लागते. ते हाताच्या गाडीला लावलंत तर माणसाच्या हातावर ४० किलो येतील. हाताच्या गाडीला जवळजवळ तोललेलंच हवं, पुढे अगदी थोडं जड.

तुमचा मालाचा मध्य अ‍ॅक्सलच्या पाच सेंमी पुढे आणि दांडा अ‍ॅक्सलपासून दोन मीटर धरा. ३३५ गुणिले पाच भागिले दोनशे, म्हणजे आठ-साडेआठ किलो हातावर. छान. रॅम्प चढताना मालाचा मध्य मागे सरकतो: मध्य अ‍ॅक्सलच्या ३० सेंमी वर असेल तर दहाला एक चढावर तीन सेंमी. म्हणजे पाचातले दोन उरतात, गाडी मागे कलंडत नाही. म्हणून पाचच्या खाली जाऊ नका. हौदा बीमला जितका चिकटून बसवाल तितकं हे सरकणं कमी.

पुढे दांड्याला एक पाय आणि मागे दोन ठेंगणे पाय द्या. मागून कुणी चढलं की तोललेली गाडी उलटते.

पारसिककडचा

वा, आता चित्र पूर्ण झालं. सुट्टीत कापाकापी सुरू करतो.

कोपरीकर

सायकल स्टँडचे पाइप जस्ताचा मुलामा असलेले आहेत का? आमच्याकडचे होते.

पारसिककडचा

काही आहेत. त्या सांध्यांवरचा मुलामा घासून काढतो आणि उघड्यावर, वाऱ्याची पाठ धरून वेल्ड करतो. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. आयटीआयमध्ये आम्हाला दूध प्यायला सांगायचे, पण दुधाने धूर थांबत नाही. मोकळी हवा आणि घासणं हाच उपाय.

पारसिककडचा

मंडळी, ट्रेलर उभा राहिला!

फ्रेम ४० बाय ४० च्या पाइपची, ३ मिमी जाड, मीटरला साडेतीन किलोच्या आसपास. वेल्डिंग ६०१३ च्या काड्यांनी, सांध्यांवर कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या. दांडा व्ही आकाराचा, दोन्ही पाय फ्रेमखाली अ‍ॅक्सलपर्यंत नेले आहेत, म्हणजे ओढ थेट अ‍ॅक्सलवर जाते, पुढच्या आडव्या पाइपला सोसावी लागत नाही. पुढे आडवी मूठ, दोन माणसं शेजारी शेजारी ओढू शकतील अशी. हुक नाही. पाइपांची सगळी तोंडं पट्टीने बंद केली, नाहीतर खाडीची दमट हवा आतून खाते. दोन हात रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट. तळाला एचटी शिक्क्याच्या पॅलेटच्या फळ्या, मधे बोटभर फटी, पाणी निथळायला. पानं झाकायला सोसायटीच्या कार्यक्रमाचं जुनं फ्लेक्स.

कायदेपान यांचं ऐकून पावती सोसायटीच्या फाइलला लावली. बेअरिंग, बोल्ट, केबल नवं.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला दिला. गाडीचा लिव्हर दातांत अडकून राहतो, म्हणजे उभी करायला उत्तम. पण उतरताना कमी-जास्त दाबता यायला हवा होता. म्हणून लिव्हरचं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकवायची एक छोटी कडी केली. कडी लावली की लिव्हर सायकलच्या ब्रेकसारखा खेचता-सोडता येतो. काढली की दात धरतात. लिव्हर उजव्या माणसाच्या मुठीजवळ आहे. दोन्ही केबल एका तराजूपट्टीला जोडल्या, त्यामुळे दोन्ही चाकांना सारखी ओढ मिळते आणि गाडी एका बाजूला खेचत नाही.

भरून चाचणी घेतली. विटा मोजून २५० किलो, रॅम्पच्या मध्यावर, लिव्हर ओढून सोडून दिली. हलली नाही. मग पाणी ओतून पुन्हा. टायर जागेवर राहिले. माळीदादांनी स्वतः लिव्हर धरून ती खाली आणली आणि विचारलं, पानं कधीपासून यात टाकायची.

जुना_फिटर

फार चांगलं काम. तराजूपट्टीचं सुचवायचं राहून गेलं होतं माझ्याकडून, तुम्ही आपणहून केलीत.

उतरण्याची पद्धत लिहून चिकटवा. उतरताना माणसं वरच्या बाजूला आणि गाडी खाली, म्हणजे उलटं चालत तिला धरून सोडायची. भरलेल्या गाडीच्या खालच्या बाजूला कुणीही नको, आणि रॅम्पच्या तळाशी एकाने उभं राहून येणाऱ्या गाड्या थांबवायच्या.

नेरुळची_बाग

ते हिंदीतही लिहा दादा, आणि चित्र काढा. आमच्याकडच्या दोन मावश्यांना अक्षरओळख नाही.

पारसिककडचा

चित्र माझी मुलगी काढते आहे. काका, पावसाळ्यात ट्रेलर स्टिल्टखाली राहील. हँडब्रेक ओढून ठेवला तर चालेल ना?

जुना_फिटर

नको. दमट हवेत शूज ड्रमला गंजाने चिकटतात, आणि महिनाभराने चाक फिरत नाही. ब्रेक सोडून ठेवा, दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी लावा. केबलच्या बाहेरच्या नळीत पावसाळ्याआधी तेल सोडा, आणि नळीचं तोंड खाली झुकतं राहू द्या, पाणी आत उतरणार नाही. दर आठवड्याला एकदा लिव्हर ओढून सोडायला माळीदादांना सांगा.

पारसिककडचा

सांगतो. पाचरी साखळीने फ्रेमलाच अडकवतो, म्हणजे कुणी दाराला लावायला नेणार नाही.

मुरबाडचा_मळा

तराजूपट्टीची मापं द्याल का? भोकांमधलं अंतर आणि पट्टीची जाडी.

पारसिककडचा

पट्टी ६ मिमी जाड, २५ रुंद, १२० मिमी लांब. मधलं भोक बरोबर मध्यावर, बाजूची दोन त्यापासून ५० मिमीवर. मधल्या भोकात लिव्हरची सळई येते, तिच्या टोकाला आटे पाडून दोन नट लावा, पुढे ताण कमी-जास्त करायला तेच लागतील.